‘तोच येईल असे नाही’: विश्रामबागेतल्या एका रेडीमेड दुकानाचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबागेत, मिरज रस्त्याला लागून, एका मोठ्या साखळीचे तयार कपड्यांचे दुकान सुरू होऊन आता वर्ष होत आले. साखळीचे नाव मी लिहीत नाही. एक तर पुढे माझी एक तक्रार येणार आहे, आणि दुसरे म्हणजे या जातीच्या दुकानांची रीत आता इतकी एकसारखी झाली आहे की पाटी बदलली तरी या परीक्षणातली फार वाक्ये बदलावी लागणार नाहीत. गेल्या अडीच महिन्यांत मी तिथे बऱ्याच वेळा गेलो, तीन वेळा पैसे मोजले आणि एकदा हुज्जत घातली. आमचे घराणे कापड पेठेतले. आजोबा ताग्यांचा व्यापार करत, वडिलांनी रेडीमेडचे दुकान घातले, आणि मी शिकून नोकरीला लागलो तरी दिवाळीच्या पंधरवड्यात गल्ल्यावर बसायचे कधी चुकले नाही. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून मी फारसा भला नाही. शर्ट हातात आला की रंग बघण्याआधी तो उलटा करून शिवण बघतो.

पहिल्यांदा गेलो तो रविवारची संध्याकाळ होती. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची पोरेपोरी, तासगाव-कवठेमहांकाळकडून दुचाकीवर आलेली नवरा-बायको, लेकरांना ट्रॉलीत बसवून फिरणारे आजोबा, अशी दाटी होती की जत्रेची आठवण व्हावी. आत कुणी ‘या, बसा, काय दाखवू’ म्हणत नाही. बसायला जागाही नाही. सगळा माल लोखंडी दांड्यांवर टांगलेला किंवा टेबलांवर घड्या घालून ठेवलेला, किमतीच्या मोठ्या पाट्या वरून लोंबणाऱ्या, आणि नोकरमाणसे दाखवण्याच्या कामाला नसून विस्कटलेले पुन्हा लावण्याच्या कामाला. टी-शर्ट दोनशेपासून, शर्ट साडेचारशे ते सहाशे, जीन्स आठशेच्या आत. घासाघीस नाही, उधारी नाही, ‘घरी दाखवून आणतो’ नाही. आमच्या पेठेत एक साडी विकायला वीस साड्या उलगडाव्या लागतात आणि त्यातल्या एकोणीस परत घडी करणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. इथे उलगडण्याचे काम गिऱ्हाईक करते, तेही आनंदाने. चार हजार चौरस फूट चालवायला ज्या मोजक्या मुली दिसल्या, त्यांच्यात आमच्याकडची निम्मी पेढीसुद्धा चालली नसती.

मला मात्र नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. दर्शनी भागात बाटलीच्या हिरव्या रंगाचा, बारीक उभ्या रेघांच्या जाड कापडाचा एक शर्ट टांगला होता आणि तो मनात भरण्यासारखा होता. सवयीने मी नग मोजले. लहान एक, मध्यम तीन, मोठे तीन, त्याहून मोठा एक. एकूण आठ. मापांच्या प्रमाणाला व्यापारी भाषेत रेश्यो म्हणतात, तो इथे एक-तीन-तीन-एक असा होता, आणि एवढ्या प्रशस्त दुकानात या शर्टाचा एवढाच साठा होता. मागच्या खोलीत गठ्ठे असतील, असे मी गृहीत धरले. गुरुवारी संध्याकाळी मुद्दाम पुन्हा गेलो तेव्हा मध्यम आणि मोठे दोन्ही संपले होते. काउंटरवरच्या मुलीला विचारले.

“मोठ्या मापात आत आहे का एखादा?”

“नाही सर, जे आहे ते बाहेरच आहे.”

“मग पुढच्या गाडीला येईल?”

“नवीन माल मंगळवारी येतो सर. पण तोच येईल असं नाही.”

या मुलीने सहज उच्चारलेले हे शेवटचे वाक्य मी घरी येऊन वडिलांना सांगितले. वडील, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणते, आधी हसले. “माल संपला म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतात व्हय? आपल्याकडं असं कधी झालं तर मला झोप लागायची न्हाई.” मग थोड्या वेळाने, चहा निम्मा झाल्यावर, त्यांनी स्वतःच विचारले, “म्हणजे पडून काहीच राहत नसंल न्हवं त्यांच्याकडं?”

या व्यवसायाची सगळी मेख अण्णांच्या या प्रश्नात आहे. ही दुकाने स्वस्त विकतात म्हणून चालतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्वस्त तर मारुती चौकातला हातगाडीवालाही विकतो. ही दुकाने चालतात ती साठा न करण्याच्या शिस्तीवर, आणि स्वस्ताई ही त्या शिस्तीतून निघालेली गोष्ट आहे.

मंगळवारी सकाळी साडेदहाला, दुकान उघडता उघडता, मी ते बघायलाच गेलो. बाहेर टेम्पो उभा होता. खोकी उतरत होती आणि आतल्या एका मोकळ्या कोपऱ्यात लगेच फोडली जात होती. प्रत्येक नगाला किमतीचे लेबल आधीच लागलेले, घडी एकाच मापाची, काही कपडे तर हँगरसकट आलेले. एक मुलगी हातातल्या यंत्राने एकेक लेबल टिपत होती आणि दुसरी मोबाइलवर आलेल्या चित्राप्रमाणे दर्शनी दांडा रिकामा करत होती. ज्या जागेवर हिरवा शर्ट होता तिथे आता तपकिरी चौकटीचा सैल शर्ट आला आणि हिरव्याचे उरलेले दोन नग मागे, लांबच्या भिंतीकडे गेले. अर्ध्या तासात दुकानाचा चेहरा बदलला. यात कुणी सल्लामसलत केली नाही की वरच्याला फोन लावला नाही. कुठे काय टांगायचे हे सांगलीत ठरत नाही, हे उघड होते. सांगलीत काय खपले एवढेच रात्रीच्या रात्री वर कळते आणि पुढचे खोके त्यावरून भरले जाते.

आमच्या धंद्याची चाल याच्या नेमकी उलटी. सांगली जिल्ह्यात पैसा हंगामाने येतो: कारखान्याचे ऊसबिल, द्राक्षे आणि बेदाण्याचे पैसे, हळदीचा सौदा. म्हणून खरेदीही हंगामाची, म्हणजे दिवाळी, लग्नसराई, जूनमधले शाळेचे कपडे. दुकानदार आषाढ-श्रावणात सुरत, उल्हासनगर, तिरुपूरकडे माल बुक करतो, तीन महिन्यांनी गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला तर तो माल पुढच्या वर्षी ‘सेल’ची पाटी लावून निम्म्या किमतीत काढतो. त्यातही निघाला नाही तर माळ्यावर जातो. आमच्या माळ्यावर बेलबॉटमच्या काळातल्या पँटी मी लहानपणी स्वतः पाहिल्या आहेत. दहा लाखांचा माल भरला, तो वर्षातून दोनदा फिरला आणि शंभराला तीस सुटले तर वर्षाला सहा लाख हाती येतात; तोच दहा लाखांचा माल सहा वेळा फिरला तर शंभराला पंधरा सुटूनही नऊ लाख होतात. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत, पण किंमत कमी ठेवून जास्त कमावण्याचा मार्ग हा असा असतो. त्यात जादू नाही, फक्त भांडवल माळ्यावर चढू द्यायचे नाही.

ही रीत जगभर रुळवली ती झारा या स्पेनच्या कपड्यांच्या साखळीने. तिचे संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा हे पोरवयात ला कोरुन्या या गावातल्या एका शर्टाच्या दुकानात कामाला होते. १९६३ मध्ये त्यांनी घरात घालायचे झगे शिवण्याचा कारखाना काढला आणि १९७५ मध्ये त्याच गावात झाराचे पहिले दुकान उघडले. दुकान काढण्याचे कारण असे सांगतात की एका घाऊक गिऱ्हाइकाने मोठी ऑर्डर ऐन वेळी रद्द केली आणि तयार माल अंगावर पडला. हा प्रसंग ऐकून आमच्या पेठेतला कोणताही म्हातारा मान डोलावेल. फरक इतकाच की आपण अशा वेळी दलालाला शिव्या देऊन माल पडेल भावाने काढतो, आणि ओर्तेगांनी शिलाई आणि विक्री एका छताखाली आणून मधला अंदाजच कमी केला. १९८५ मध्ये इंडिटेक्स ही मुख्य कंपनी उभी राहिली. तिच्या दुकानांना आठवड्यातून दोनदा माल जातो, नवा नमुना कागदावरून दुकानात यायला दोन-तीन आठवडे पुरतात, आणि जो माल फॅशनवर चालतो तो मुद्दाम जवळपास, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान इथे शिवला जातो. बारमाही चालणारे साधे टी-शर्ट तेवढे लांबून, आशियातून येतात, कारण त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. जवळची शिलाई महाग पडते, पण न खपलेला शर्ट त्याहून महाग पडतो, हा तो हिशेब आहे.

याच कंपनीची आणखी एक युक्ती म्हणजे कापड बिनरंगाचे घेऊन ठेवणे आणि कोणता रंग चालतो आहे हे कळले की मगच रंगवणे. इचलकरंजी किंवा विट्याच्या यंत्रमागवाल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्याच्या मागावरून उतरते ते ग्रे, म्हणजे बिनरंगाचे, कापडच, आणि त्याचा रंग पुढे प्रोसेसवाला ठरवतो. म्हणजे या युक्तीची निम्मी सामग्री आपल्या पंचक्रोशीत पूर्वापार आहे. नाही ती दुसरी निम्मी: काल रात्री सांगलीच्या दुकानात कोणता रंग संपला हे इचलकरंजीच्या माणसाला आज सकाळी कळण्याची सोय. आपल्याकडे ती बातमी दुकानदार, दलाल, घाऊक व्यापारी, गारमेंटवाला अशी उतरत उतरत मागापर्यंत पोहोचते तोवर हंगाम सरलेला असतो.

स्वस्त असणे आणि चपळ असणे यांतला फरक स्वीडनच्या एच अँड एमच्या उदाहरणात चांगला दिसतो. १९४७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी स्वतःचे कारखाने ठेवत नाही. तिचा पुष्कळसा माल आशियातल्या पुरवठादारांकडून, बराच आधी मागणी नोंदवून येतो. किमती झारापेक्षा कमी असूनही मार्च २०१८ मध्ये तिच्याकडे सुमारे ४.३ अब्ज डॉलरचा न विकलेला माल साठल्याची बातमी जगभर गाजली. त्या बातमीवर अण्णा एवढेच म्हणाले होते, “माळा आपल्यापेक्षा मोठा हाय म्हणायचा.”

भारतात या पद्धतीला जे रूप आले ते मात्र झाराचे हुबेहूब नाही. इथे मूळ धरले ते टाटांच्या ट्रेंट कंपनीच्या झुडिओने. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे ही आपली सौंदर्यप्रसाधनांची कंपनी हिंदुस्तान लिव्हरला विकली, त्या पैशातून लिटलवूड्स या ब्रिटिश साखळीचे बंगळुरूमधले दुकान घेतले आणि त्यातून ट्रेंटची वेस्टसाइड ही कपड्यांची साखळी उभी राहिली. झाराला भारतात २०१० मध्ये आणणारी भागीदारही ट्रेंटच. झुडिओ २०१६ चा. मार्च २०२४ अखेर त्याची ५४५ दुकाने होती, मार्च २०२५ अखेर ती ७६५ झाली. त्याच्यापाठोपाठ शॉपर्स स्टॉपचे इनट्यून आणि रिलायन्सचे युस्टा ही दोन्ही २०२३ मध्ये आली. लँडमार्क समूहाचे मॅक्स त्याआधीपासून होतेच. या सगळ्यांचा ओढा दोन गोष्टींकडे आहे: माल शक्यतो स्वतःच्याच नावाचा ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या ब्रँडचा नफा मधे येत नाही, आणि किंमत हजाराच्या आत ठेवायची.

या हजाराच्या रेषेला नुसते मानसशास्त्र समजणे चूक ठरेल. परवापरवापर्यंत तयार कपड्यांवर नगामागे हजार रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी होता आणि त्यापुढे १२ टक्के. नऊशे नव्याण्णवचा शर्ट आणि अकराशेचा शर्ट यांच्यात दुकानदाराला दिसणारे अंतर म्हणूनच गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या अंतराहून मोठे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांची मर्यादा नगामागे अडीच हजारांवर गेली आणि त्यापुढे १८ टक्के लागू झाले. माझ्या मते या बदलाचा खरा फायदा साखळ्यांना नव्हे, तर हरभट रोडवर बाराशे ते अठराशेचे शर्ट विकणाऱ्या आपल्या रेडीमेडवाल्यांना होऊ शकतो, कारण त्यांच्या मालावरचा कर उतरला आणि साखळ्यांच्या मालावरचा आधीच कमी होता. त्यांनी तो फरक किमतीत उतरवला की गल्ल्यात, हे ज्याचे त्याने पाहावे.

हे दुकान घरपोच विकत नाही, याबद्दल कॉलेजच्या पोरांची कुरकुर ऐकली. झुडिओचाही हाच शिरस्ता आहे. चारशे रुपयांच्या शर्टात कुरियर, खोके, आणि मापाला बसला नाही म्हणून परत आलेला नग पुन्हा इस्त्री करून लावण्याचा खर्च घातला तर शर्टात काय उरेल? त्यापेक्षा गिऱ्हाईक स्वतः पेट्रोल जाळून येते, स्वतः घालून बघते, आणि टी-शर्टासाठी आलेले माणूस जाताना मोजे, अत्तर आणि बायकोसाठी कुर्ता घेऊन जाते. जाहिरातही म्हणण्यासारखी दिसली नाही. ‘आज नाही घेतला तर मंगळवारी नसेल’ ही भीतीच जाहिरातीचे काम करते. या भीतीला मीही बळी पडलो, हे कबूल करतो: तपकिरी चौकटीचा शर्ट मला फारसा आवडला नव्हता, तरी तो आज माझ्या कपाटात आहे.

साठ्याचा मुद्दा सांगलीत आणखी एका कारणाने डोक्यात फिरतो, ते कारण कृष्णामाई. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा गौरी-गणपतीचा सगळा आणि दिवाळीचा थोडा माल आमच्या दुकानात लागलेला होता. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तर खालचे तीन कप्पे गाळाने बसलेले, आणि वरच्या कप्प्यातल्या साड्यांनी खालून ओल चढवून घेतलेली. २००५ ला हेच झाले होते आणि २०२१ ला पुन्हा पाणी आले. पेठ मालावर चालते, आणि माल तळात असतो. विश्रामबागेचा हा भाग उंचावर आहे, पाणी तिथवर यायचे नाही. पण समजा आले, तरी या दुकानाचे किती जाईल? आठ-आठ नगांचे दांडे आणि मंगळवारचे खोके. माल पडून ठेवायचा नाही, या धोरणाचे मोल मला शटर उघडले त्या दिवशी जेवढे कळले तेवढे कोणत्याही ताळेबंदातून कळले नसते.

आता मालाविषयी, कारण परीक्षण अखेर त्याचेच आहे. मी तीन वस्तू घेतल्या: करड्या रंगाचा गोल गळ्याचा टी-शर्ट, वर सांगितलेला चौकटीचा शर्ट, आणि ऑफिसात चालतील अशा दोन पँटी. टी-शर्टाचे कापड हाताला भरीव लागले आणि गळ्याची पट्टी दुहेरी टाचलेली होती, ही जमेची बाजू. तिसऱ्या धुण्यानंतर मात्र उजव्या बगलेची शिवण फिरून चार बोटे पुढे पोटावर आली. याला आमच्याकडे ‘पीळ बसला’ म्हणतात. एकपदरी होजिअरीच्या सुताला वळ असतो; कापड विणल्यावर त्याला नीट सैलावू न देता, प्रोसेसमध्ये पुरेसे आटवून न घेता घाईने कापले, की पहिल्या दोन-तीन धुण्यांत तो वळ आपली वाट काढतो आणि शर्ट अंगावर तिरका होतो. हा दोष शिवणाऱ्याचा नसून वेळापत्रकाचा आहे. घाई ज्या धंद्याचे भांडवल आहे तिथे ती कापडात उतरणारच. चौकटीच्या शर्टात पुढच्या पट्टीवर चौकटी जुळलेल्या आहेत, पण खिशावर आणि बगलेत जुळलेल्या नाहीत; जुळवायच्या तर कापड जास्त लागते, आणि साडेपाचशेच्या शर्टात ती चैन परवडत नाही. बटणे एका दोऱ्याने लावलेली होती, आईने पहिल्याच दिवशी पुन्हा पक्की केली. लेबलावर कापूस आणि पॉलिस्टर साठ-चाळीस लिहिले आहे. तेही वाचून आईने शेरा दिला की याची पुढे वाकळसुद्धा व्हायची नाही. आमच्या घरात कपड्याचा शेवट वाकळीत होतो, त्याआधी तो भांडेवालीकडे जात नाही, हे लक्षात घेता शेरा कडक होता.

लेबलावर आणखी एक गोष्ट वाचण्यासारखी होती, ती म्हणजे माल तयार झाल्याचा महिना. मी खरेदी केली त्याच्या आधी जवळपास तीन महिन्यांचा. म्हणजे जे सांगलीत आठवड्याला नवे दिसते ते आठवड्यात बनलेले नाही; ते आधीच बनून कुठल्यातरी गोदामात आहे आणि आपल्याला थोडे थोडे करून वाढले जाते. झाराची चपळाई शिलाईत आहे, आपल्याकडच्या या दुकानाची बरीचशी चपळाई वाढप्याच्या हातात आहे. दोष म्हणून हे सांगत नाही, पण ‘फास्ट’ हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने वापरला जातो, तो तसा नाही.

तक्रार पँटीची आहे. काळसर पँट मी घालून पाहिली, छत्तीसची बरोबर बसली. ट्रायल रूमपुढे रांग वाढली होती म्हणून त्याच नमुन्याची, त्याच मापाची निळी न घालता तशीच घेतली. घरी आल्यावर ती कमरेत दीड बोट आवळ निघाली. दोन्ही पँटी शेजारी ठेवून लेबले पाहिली तर नमुन्याचा क्रमांक एकच, पण खाली बारीक अक्षरातला पुरवठादाराचा क्रमांक वेगळा. एकच नमुना दोन कारखान्यांना वाटून दिला, आणि दोघांच्या पट्टीत फरक पडला. घाऊक मालात हे होते, आम्हालाही माहीत आहे. पण आमच्याकडे मागच्या गल्लीतला शिंपी कमरेची शिवण उसवून अर्ध्या तासात सोडून देतो आणि पैसे दुकानदार देतो. इथे अल्टरची सोयच नाही. शिवाय पँट उसवून पाहिली तर आत सोडायला कापडच ठेवलेले नव्हते, जेमतेम नखाएवढी पट्टी. बदलून मागायला गेलो तर निळ्या रंगात छत्तीस उरली नव्हती. पैसे परत मिळत नाहीत. मुलगी नम्रपणे बोलली, दोन वेळा ‘सॉरी सर’ म्हणाली, आणि मी थोडा आवाज चढवला याचे मला नंतर वाईट वाटले, कारण नियम तिने केलेला नाही. शेवटी ७४९ रुपयांची एक पावती मिळाली, जिच्यावर साठ दिवसांत याच दुकानातून काहीही घ्या, असे छापलेले आहे.

किमती आणखी खाली ओढण्याची जी स्पर्धा या धंद्यात चालते तिचा भार अखेर शिलाईवर येतो, ही गोष्ट २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर या गावी कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले तेव्हा साऱ्या जगाने पाहिली. भिंतींना आदल्या दिवशी तडे गेलेले असताना लोकांना कामावर बोलावले होते. विश्रामबागेतल्या दुकानाचा माल कुठे आणि कोणत्या मजुरीत शिवला जातो, हे लेबलावरून समजत नाही. समजायला हवे असे मला वाटते, आणि पुरवठादाराच्या बारीक क्रमांकाऐवजी त्याचे गाव छापायला काही फार शाई लागणार नाही.

इतके बोलूनही, लहान मुलांचे कपडे इथूनच घ्यावेत असे मी माझ्या बहिणीला सांगितले. सहा महिन्यांत अंगाबाहेर जाणाऱ्या फ्रॉकला टिकाऊपणाची गरज नाही, आणि सव्वादोनशेत मिळणारा तो फ्रॉक शिवणीने खरोखर नीट आहे. रात्री घालायचे, प्रवासात घालायचे, हळदीच्या दिवशी पिवळा हवा म्हणून एकदाच घालायचे, अशा कपड्यांनाही हे दुकान चांगले. पांढरा शर्ट मात्र घेऊ नये, तो पारदर्शक आहे. ऑफिसची पँट घेऊच नये. साडी नेसणाऱ्या बाईसाठी इथे काहीच नाही, आणि ढेरी असलेल्या माणसाच्या मापाचा एकच नग येतो, तो कोण आधी पोहोचतो त्याचा. जायचे तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी जावे, रांग नसते, आणि प्रत्येक नग, मागचाच नमुना असला तरी, घालूनच घ्यावा.

अण्णांना मी एकदा सोबत नेले. त्यांनी काठी टेकत सगळे दुकान फिरून पाहिले, एका टेबलाखाली वाकून पाहिले, भिंतीवर हात मारून मागे खोली आहे का ते चाचपले. कुठेही गठ्ठा दिसला नाही. बाहेर येऊन म्हणाले, “गादी न्हाई, वही न्हाई, माळा न्हाई. हे दुकान न्हवं रं, हा रस्ता हाय. माल नुसता जातोय.” त्यानंतर गेल्या महिन्यात त्यांनी सुरतच्या व्यापाऱ्याला फोन करून दिवाळीचा माल एकदम न पाठवता तीन हप्त्यांत पाठवता येईल का, असे विचारले. व्यापारी म्हणाला, तीन हप्त्यांचे भाडे तुम्ही देणार असाल तर पाठवतो. बोलणे अजून चालू आहे.

पावती माझ्या पाकिटात आहे. साठांतले एकोणीस दिवस उरले आहेत. दोन मंगळवार जाऊन आलो. पहिल्या मंगळवारी निळ्या पँटी आल्या होत्या, पण वेगळ्या नमुन्याच्या आणि चौतीसपर्यंतच्याच, आणि दुसऱ्या मंगळवारी पँटींच्या दांड्यावर स्वेटर लागले होते.